तळघरातला रेडॉन: मोजणी आणि उपायाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

काम आजपासून सुरू. जागा: एका जुन्या दगडी इमारतीचं तळघर, निम्मं जमिनीखाली. इथे कागदपत्रांचा विभाग आहे आणि काही माणसं रोज पूर्ण कामाचा दिवस इथेच बसतात. खिडक्या लहान, जमिनीलगत, थंडीत बहुतेक बंद. फरशीखाली दगडगोट्यांचा भराव आणि त्याखाली थेट माती. अशा जागेत रेडॉन आजवर मोजलाच गेला नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, फुप्फुसाच्या कर्करोगाचं एक कारण. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, डोकं दुखत नाही. तो कळण्याचा मार्ग एकच, मोजणं.

तुलनेसाठी काही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. मोकळ्या हवेत रेडॉन साधारण ५ ते १५ बेकरेल प्रति घनमीटर असतो. घरांमधली जागतिक सरासरी ४०च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये सांगितलेली संदर्भ पातळी १००. जिथे तेवढं खाली आणणं शक्यच नाही तिथेही ३००च्या वर जाऊ देऊ नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची उपाय करण्याची पातळी ४ पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे १४८ बेकरेल. यापुढे या वहीत नुसतं 'बेकरेल' लिहिलं तर ते घनमीटरमागे समजावं: एक घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनच्या तेवढ्या अणूंचं विघटन.

५ नोव्हेंबर

तळघरात उतरण्याआधी सगळ्यांसाठी रेडॉनची वंशावळ फळ्यावर मांडली. पुढच्या प्रत्येक निर्णयाचं कारण या साखळीत आहे.

युरेनियम-२३८चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून संपायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं. कमी-अधिक प्रमाणात ते जवळपास प्रत्येक खडकात आणि मातीत असतं. ग्रॅनाइटमध्ये आणि काही प्रकारच्या शेल खडकांमध्ये जास्त. त्याच्या साखळीत पुढे रेडियम-२२६ येतं, अर्धायुष्य १,६०० वर्षं. रेडियममधून अल्फा कण (हेलियमच्या अणूचं केंद्रक) सुटला की उरतो तो रेडॉन-२२२. या सगळ्या साखळीत वायू एवढा एकच. त्याच्या आधीची मूलद्रव्यं खनिजाच्या कणात अडकलेली, नंतरचीही सगळी घन. त्यात हा राजवायू. कशाशीही संयोग पावत नाही, त्यामुळे वाट मिळेल तिकडे निघतो. अर्धायुष्य ३.८२ दिवस, म्हणजे मातीतून वर येऊन इमारतीत शिरायला पुरेसा अवधी. थोरियमच्या साखळीतला रेडॉन-२२०, ज्याला थोरॉन म्हणतात, ५५.६ सेकंदांत निम्मा होतो. तो बहुतेक जिथे जन्मतो तिथेच संपतो. युरेनियम-२३५पासूनचा रेडॉन-२१९ तर जेमतेम चार सेकंदांत निम्मा.

तो खनिजाच्या कणातून सुटतो कसा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. रेडियमचा अणू अल्फा कण फेकतो तेव्हा मागे उरलेला रेडॉनचा अणू उलट दिशेला ढकलला जातो. त्या धक्क्याने तो घन खनिजात जेमतेम शंभर नॅनोमीटरच्या आतच सरकतो. म्हणजे कणाच्या अगदी पृष्ठभागालगतच्या रेडियमपासून झालेला रेडॉनच छिद्रांतल्या हवेत येऊ शकतो. माती ठणठणीत कोरडी असेल तर धक्क्याच्या जोरावर तो समोरच्या कणात जाऊन रुततो. छिद्रात पाण्याचा पातळ थर असेल तर तो पाण्यात अडतो आणि मग हवेत मिसळतो. म्हणून थोडी ओल रेडॉन सुटायला मदत करते, आणि माती चिंब भिजली की त्याची पुढची वाट बंद होते. या धक्क्याच्या खुणा १९०४मध्ये हॅरिएट ब्रुक्सला दिसल्या होत्या. त्याआधी १८९९मध्ये माँट्रियलला रदरफोर्ड आणि ओवेन्स यांनी थोरियममधून निसटणारं किरणोत्सारी 'काहीतरी' टिपलं होतं, १९००मध्ये फ्रीड्रिख डॉर्नने रेडियमबाबत तेच पाहिलं, आणि १९०१मध्ये ब्रुक्स आणि रदरफोर्ड यांनी ते 'काहीतरी' म्हणजे एक जड वायू असल्याचं दाखवून दिलं. ब्रुक्सचं नाव या यादीत फार क्वचित घेतलं जातं. आमच्या फळ्यावर ते वरती लिहिलं आहे.

९ नोव्हेंबर

उपकरणं बसवली. दर तासाला आकडा साठवणारं सतत मोजणी यंत्र तळघरात मधोमध, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर. खिडकी, दार आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. दुसरं तसंच यंत्र वरच्या मजल्यावर.

सोबत फिल्म. सीआर-३९ या प्लास्टिकचे छोटे तुकडे, छोट्या बंद कुप्यांमध्ये ठेवलेले. हेच प्लास्टिक चष्म्याच्या काचांना वापरतात. कुपीच्या गाळणीतून रेडॉन आत झिरपतो, धूळ आणि रेडॉनची घन अपत्यं, म्हणजे तो फुटून झालेली मूलद्रव्यं, बाहेर राहतात. आत विघटन झालं की अल्फा कण प्लास्टिकवर आदळून सूक्ष्म इजा करून जातो. तीन महिन्यांनी फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवली की त्या इजा खड्ड्यांएवढ्या मोठ्या होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. वीज नको, देखभाल नको. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन कुप्या शेजारी लावल्या, म्हणजे दोन्ही आकडे जुळतात का ते कळेल. काही फिल्म न उघडता हवाबंद पाकिटात ठेवल्या. त्यांच्यावर जेवढे खड्डे निघतील तेवढे बाकीच्यांतून वजा करायचे.

१२ नोव्हेंबर

यंत्राचे पहिले आलेख. पहाटे ३५०च्या जवळ, दुपारी १५०पर्यंत खाली, रात्री पुन्हा चढ. रोज हेच.

काळजीवाहक काका सकाळी येऊन विचारतात, "आज किती?" मी त्यांना आकडा सांगतो आणि लगेच आलेखही दाखवतो. त्यांनी विचारलं, "मग यातला खरा कुठला?" सगळेच खरे आहेत, पण माणसाच्या फुप्फुसाच्या दृष्टीने अर्थ आहे तो वर्षभराच्या सरासरीला. एका क्षणाच्या आकड्यावर कोणी घाबरू नये आणि कोणी निश्चिंतही होऊ नये.

ही चढउतार कशामुळे? जमिनीतून येणारा रेडॉन काही दिवसात दोनदा वाढत-घटत नाही. बदलतो तो इमारतीचा दाब. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की ती वर चढून वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. इमारत धुराड्यासारखी वागते. हिशेब करून पाहिला: आत-बाहेर १० अंशांचा फरक आणि ६ मीटर उंची धरली तर तळापासून माथ्यापर्यंत मिळून दाबाचा फरक साधारण अडीच पास्कल, आणि त्यातला काहीच भाग फरशीच्या वाट्याला. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर आहे, त्यापुढे हे काहीच नाही. पण फरशीखालच्या भरावातल्या हवेत रेडॉन हजारोंच्या, कधी लाखाच्या घरात असतो. ती हवा थोडीशी जरी वर ओढली गेली तरी तळघराचा आकडा बदलतो.

या प्रकल्पाचं सगळं सार मला या अडीच पास्कलमध्ये दिसतं आहे. रेडॉन आपणहून फारसा आत येत नाही. इमारत त्याला ओढून घेते.

१६ नोव्हेंबर

सहकारी म्हणाली, "रेडॉन हवेपेक्षा साडेसात पट जड आहे, तर यंत्र जमिनीवर ठेवूया ना, तळाशीच साचत असेल." हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर लिहून ठेवतो.

१०० बेकरेल म्हणजे एक घनमीटरमध्ये रेडॉनचे किती अणू? अर्धायुष्यावरून येतात सुमारे ४ कोटी ८० लाख. ऐकायला मोठी संख्या. पण त्याच घनमीटरमध्ये हवेचे रेणू आहेत २५ या आकड्यावर २४ शून्यं. म्हणजे रेडॉनच्या एका अणूभोवती हवेचे सुमारे पन्नास कोटी अब्ज रेणू. इतका विरळ वायू थर करून बसू शकत नाही. हवेची रोजची हालचाल त्याला सगळीकडे फिरवते. शुद्ध रेडॉनची घनता वेगळी गोष्ट. ती १९१०मध्ये रॅम्झी आणि व्हिटलॉ-ग्रे यांनी अतिशय अल्प नमुन्यावर मोजली होती. आपल्या खोल्यांत शुद्ध रेडॉन नसतो.

खात्रीसाठी जमिनीलगत, टेबलावर आणि छताजवळ मोजलं. तिन्ही आकडे यंत्राच्या अचूकतेच्या मर्यादेत सारखेच. तळघरात रेडॉन जास्त असतो तो वजनामुळे नाही. तळघर मातीच्या सर्वांत जवळ असतं आणि तिथेच दाब बाहेरच्या तुलनेत सर्वांत कमी असतो.

२१ नोव्हेंबर

दिवसभर पाऊस, वायुदाब घसरलेला. तळघराचा आकडा दुपारीही खाली आला नाही. बाहेरची माती भिजून तिची छिद्रं पाण्याने भरली, तिकडून निसटणारा वायू अडला; इमारतीखालची माती कोरडी, तिथली वाट मोकळी. शिवाय बाहेरचा दाब उतरतो तेव्हा जमिनीतली हवा वर यायला बघते.

किरणोत्सार टिपणारा गायगर काउंटर पावसात गच्चीवर नेला तर त्याचीही टिकटिक वाढलेली. ढगांतल्या थेंबांनी रेडॉनची अपत्यं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, धुऊन खाली आणली. पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत आकडा पूर्ववत. पाऊस पडेल तिथे असं होतंच. घाबरण्याचं काही नाही.

२४ नोव्हेंबर

आज फुग्याचा प्रयोग केला आणि तो सगळ्यांना पाहायला लावला.

रबरी फुगा फुगवून लोकरीवर घासला, त्यावर ऋण विद्युतभार आला. तो तळघरात टांगून दार लावलं. अर्ध्या तासाने फुगा काढून, हवा सोडून, गायगर काउंटरच्या खिडकीशी धरला. टिकटिक नेहमीच्या पार्श्वभूमीच्या कितीतरी पट. बघता बघता ती उतरत गेली. पाऊण तासाच्या आत निम्म्यावर.

फुग्यावर रेडॉन नाही. राजवायू कशाला चिकटत नाही. चिकटली ती त्याची अपत्यं. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियम-२१८ होतं (अर्धायुष्य ३ मिनिटं), त्यातून शिसं-२१४ (२७ मिनिटं), मग बिस्मथ-२१४ (२० मिनिटं), आणि मग पोलोनियम-२१४, जे सेकंदाच्या एका सूक्ष्म अंशात अल्फा फेकून शिसं-२१० बनतं. ही सगळी धातूंची घन मूलद्रव्यं. पोलोनियमचा नवजात अणू बहुधा धनभारित असतो, म्हणून ऋणभारित फुग्याकडे धावतो. फुगा नसेल तेव्हा ही अपत्यं धुळीला, धुराला, भिंतींना चिकटतात, आणि श्वासासोबत श्वासनलिकांच्या ओल्या अस्तराला.

इजा होते ती इथे. आत घेतलेला रेडॉन बहुतांशी उच्छ्वासासोबत तसाच बाहेर पडतो. पण चिकटलेली अपत्यं तासाभरातच तिथल्या तिथे फुटतात. पोलोनियम-२१८चा अल्फा कण ६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा, पोलोनियम-२१४चा ७.६९चा. कातडीच्या बाहेरच्या मृत थराला अल्फा कण ओलांडता येत नाही, म्हणून बाहेरून त्याचा धोका नाही. श्वासनलिकेत मात्र तो थर नसतो. ऊतीत अल्फा कण ७० मायक्रोमीटरपर्यंतच जातो, आणि अस्तराच्या ज्या पेशी विभागत राहतात त्या नेमक्या त्या टप्प्यात येतात. एका कणाने डीएनएचे दोन्ही धागे तुटू शकतात.

म्हणून धूम्रपान करणाऱ्यांबाबत मी हात जोडून सांगतो: दोन धोके इथे एकत्र येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धूम्रपान करणाऱ्यांना रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे २५ पट. पण न करणारेही सुटत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, देशागणिक हे प्रमाण बदलतं. कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये या कर्करोगाच्या मोठ्या कारणांपैकी रेडॉन एक आहे.

२५ नोव्हेंबर

हे कसं कळलं, असं काकांनी विचारलं. खाणकामगारांमुळे. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणींतली माणसं शतकानुशतकं छातीच्या आजाराने मरत होती. १८७९मध्ये हार्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी तो फुप्फुसाचा घातक अर्बुद असल्याचं नोंदवलं. तेव्हा रेडॉनचा शोधही लागला नव्हता. पुढे युरेनियमच्या खाणींतल्या कामगारांच्या अभ्यासांतून संबंध पक्का झाला आणि १९८८मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. घरांबाबतचा पुरावा २००५मध्ये आला: युरोपातल्या १३ अभ्यासांचा एकत्रित हिशेब. दीर्घकालीन सरासरीत दर १०० बेकरेलमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, आणि ज्याखाली धोकाच नाही अशी सीमा त्यात दिसली नाही. या धोक्याचा पहिला पुरावा आपल्याला मिळाला तो त्या कामगारांच्या छातीतून. नोंद करताना ते विसरू नये असं वाटतं.

३ डिसेंबर

फरशीच्या कडेची माती काढून काचेच्या बरणीत फिल्मसह हवाबंद केली. बरणीत रेडॉन साठत जाईल: ३.८२ दिवसांत कमाल पातळीच्या निम्मा, पुढच्या तेवढ्याच दिवसांत पाऊण, महिनाभरात ९९ टक्क्यांच्या वर. त्यावरून मातीतून किती रेडॉन सुटतो ते काढता येईल.

भिंतीच्या दगडावरही एक भांडं उलटं चिकटवून कडा बंद केल्या. दगडातून येतो तो वाटा लहान निघाला. बहुतेक इमारतींत हेच दिसतं. मुख्य स्रोत खालची जमीन. पाणी हा तिसरा स्रोत. इथे नळाचं पाणी साठवणीतून येतं, त्यामुळे प्रश्न नाही. खोल विंधन विहिरीचं पाणी थेट वापरात असतं तर मोजावं लागलं असतं. ढोबळ नियम असा की पाण्यात लिटरमागे जेवढा रेडॉन, त्याच्या दहाहजारावा हिस्सा घराच्या हवेत लिटरमागे मिसळतो.

८ डिसेंबर

आत शिरण्याच्या वाटा शोधण्याचा दिवस. आतून झिंक सल्फाइड लावलेल्या कुपीत मोठ्या सिरिंजने हवा भरायची. अल्फा कण त्या थरावर आदळला की प्रकाशाची ठिणगी पडते आणि ती मोजली जाते. रेडॉन आणि त्याची अपत्यं समतोलात यायला तीन तास थांबायचं आणि मगच मोजायचं. पहिल्या काही मिनिटांतला आकडा वेगळा लिहून ठेवायचा, कारण त्यात थोरॉन असू शकतो. पाच मिनिटांत तो संपलेला असतो.

खोलीच्या मध्यापेक्षा भिंत आणि फरशीच्या सांध्यावर कितीतरी जास्त. फरशीतल्या केसाएवढ्या भेगांतही. सगळ्यात जास्त, काही हजारांत, सांडपाण्याचा पाईप फरशीतून खाली जातो तिथल्या पोकळीत. वर झाकण होतं म्हणून ती कुणाला दिसली नव्हती.

१५ डिसेंबर

हा आठवडा महत्त्वाचा ठरला. तळघरात दमट वास येतो म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा दिवसभर चालू असतो. सगळ्यांची समजूत अशी की त्याने हवा स्वच्छ राहते. काही दिवस तो चालू आणि काही दिवस बंद, असं आलटून पालटून मोजलं. बाहेरचं तापमान साधारण सारखं असलेले दिवसच तुलनेला घेतले.

पंखा चालू असताना रेडॉन जास्त. पंखा हवा बाहेर फेकतो, पण बंद खिडक्यांमुळे बाहेरची हवा सहज आत येत नाही, मग जागा भरायला फरशीच्या भेगांतून वर ओढली जाते. सूक्ष्म दाबमापकावर ते थेट दिसलं: पंखा सुरू करताच तळघराचा दाब फरशीखालच्यापेक्षा आणखी उतरला. धुराची नळी सांध्याजवळ धरली तर धूर भेगेपासून दूर, खोलीकडे ढकलला जात होता.

पंख्याची दिशा उलटवून हवा आत ढकलली तर दाब वाढेल, रेडॉन अडेल. पण थंडीत बाहेरची गार, ओली हवा कागदपत्रांवर सोडणं परवडणारं नाही. खिडक्या उघडल्या की आकडा तासाभरात कोसळतो, बंद केल्या की दुसऱ्या सकाळपर्यंत परत वर. उन्हाळ्यात ठीक, कायमचा उपाय नव्हे.

९ जानेवारी

मातीची बरणी उघडली. मातीतून सुटणारा रेडॉन मध्यम, काही विलक्षण नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साधी जमीन, तरीही तळघराचा आकडा चढा, कारण इमारत ओढून घेते आणि वाटा उघड्या आहेत. उलट अतिशय रेडॉनयुक्त जमिनीवर काय होतं याचं उदाहरण १९८४च्या डिसेंबरमधलं. पेनसिल्व्हेनियात अणुऊर्जा केंद्रावर काम करणारा एक अभियंता कामावर आत शिरतानाच किरणोत्साराचे अलार्म वाजवत होता. किरणोत्सार केंद्रातून नव्हे, त्याच्या घरातून कपड्यांवर येत होता. घरातला आकडा निघाला सुमारे एक लाख बेकरेल. या घटनेनंतर घरांतला रेडॉन हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. शेजारी-शेजारी असलेल्या घरांतही रेडॉन अनेक पटींनी वेगळा असू शकतो. शेजारच्याचा आकडा आपल्या कामाचा नाही.

१२ फेब्रुवारी

फिल्म काढून प्रक्रिया केली, सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. जोड्यांचे आकडे छान जुळले. तळघराची तीन महिन्यांची सरासरी २७०च्या आसपास, वरच्या मजल्याची ७०.

थंडीतली सरासरी वर्षाच्या सरासरीपेक्षा बहुधा जास्त असते, तरी इथे वर्षभराचा आकडाही १००च्या खूप वर राहील. ३००च्या खाली आहे म्हणून सोडून द्यावं का, अशी चर्चा झाली. माझं मत स्पष्ट मांडलं: ३०० ही सुरक्षिततेची रेषा नाही. माणसं इथे वर्षानुवर्षं बसणार आहेत आणि उपाय आपल्या हातात आहे. उपाय करायचं ठरलं.

जाता जाता एक गोष्ट. भिंतीवर जुन्या तसबिरी आहेत. त्यांच्या काचेत रेडॉनच्या अपत्यांचे अणू त्याच प्रतिधक्क्याने रुतलेले असतात आणि तिथे शिसं-२१० साठत जातं, अर्धायुष्य २२ वर्षं. त्यातून निघणाऱ्या पोलोनियम-२१०चे अल्फा कण मोजून खोलीतल्या गेल्या काही दशकांच्या रेडॉनचा अंदाज बांधता येतो. दोन काचांवर फिल्म चिकटवून ठेवली आहे. इथे आधी बसून गेलेल्यांना किती रेडॉन मिळाला, हे जाणून घेणं मला आवश्यक वाटतं.

२० मार्च

सांधे, भेगा, पाईपभोवतीची पोकळी लवचीक सीलंटने बुजवली. आकडा थोडा उतरला, फार नाही. एक भेग बुजवली की हवा दुसरी शोधते, आणि फरशी पुढे पुन्हा हलते. पण पुढच्या कामासाठी बुजवणं आवश्यक होतं.

३ एप्रिल

आता मूळ उपाय: फरशीखालचा दाब तळघरापेक्षा कमी करायचा. म्हणजे हवा वर न येता खाली जाईल.

आधी चाचणी. फरशीला एक मोठं भोक पाडून त्याला ताकदवान व्हॅक्यूम क्लीनर लावला, आणि लांबच्या कोपऱ्यांत लहान भोकं पाडून धूर धरला. तीन कोपऱ्यांत धूर भोकात खेचला गेला. चौथ्यात नाही, तिथे फरशीखाली एक जुनी पायाभिंत आडवी आहे. म्हणून शोषणाच्या जागा दोन.

१८ एप्रिल

प्रत्येक जागी फरशीखाली भराव काढून खड्डा केला, त्यात १०० मिलिमीटरचा पाईप उतरवला, कडा हवाबंद केल्या. दोन्ही पाईप एकत्र करून इमारतीबाहेरून छतावर नेले. पंखा वापराच्या खोल्यांबाहेर, वरच्या टोकाजवळ: पंख्याच्या पुढचा पाईप जास्त दाबाखाली असतो आणि तो आत कुठे फुटला तर सगळा रेडॉन खोलीत येईल. पाईपला उतार खाली खड्ड्याकडे, म्हणजे साठलेलं पाणी परत मातीत जाईल. तोंड खिडक्यांपासून दूर आणि छताच्या वर. तिथे हवेत मिसळून तो लगेच विरळ होतो.

पंखा सुरू केला. चारही कोपऱ्यांतल्या चाचणीच्या भोकांवर धूर खाली. दाबमापकावर फरशीखालचा दाब तळघरापेक्षा काही पास्कल कमी. एवढंच हवं होतं. इमारतीत कुठे इंधन जाळणारं उपकरण असतं तर त्याचा धूर उलटा आत ओढला जात नाही ना, हे तपासावं लागलं असतं. इथे तसं काही नाही.

२० एप्रिल

दुसऱ्या दिवशीच आलेख बदलला. पहाटेचा चढ नाहीसा.

२ जुलै

तसबिरींच्या काचांचा निकाल. गेल्या काही दशकांतली सरासरी आजच्या उपायाआधीच्या आकड्याच्याच पट्ट्यात. जे इथे काम करत होते त्यांची यादी कार्यालयाकडून मागवली आहे. त्यांना आकडा आणि त्याचा अर्थ पत्राने कळवायचा, आणि धूम्रपान सोडण्याचा आग्रह त्यात स्पष्ट लिहायचा.

१५ फेब्रुवारी, दुसरं वर्ष

उपायानंतरच्या थंडीत नोव्हेंबरपासून लावलेल्या फिल्म आज मोजल्या. तुलना थंडीची थंडीशीच करायची म्हणून वाट पाहिली. तळघर: ४०च्या थोडं खाली. वरचा मजला: मोकळ्या हवेच्या जवळ. वरच्या मजल्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. त्याचा रेडॉन तळघरातूनच चढत होता.

पाईपवर रंगीत द्रवाची यू-नळी बसवली आहे. काकांना ती वाचायला शिकवलं: दोन्ही बाजूंची पातळी वेगळी असेल तर पंखा ओढतो आहे, सारखी दिसली तर त्याच दिवशी कळवायचं. दुरुस्तीच्या वहीत लिहिलं: दर दोन वर्षांनी थंडीत फिल्म लावावी; फरशी खोदली, नवा पाईप टाकला किंवा खिडक्या बदलल्या तर लगेच पुन्हा मोजावं; दमट वासासाठीचा जुना पंखा परत सुरू करू नये.